सोमवारचं डोकं

छबी उईके गेली ती मे महिन्यातल्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, माहेरी, भाच्याच्या हळदीत. वय छत्तीस. सकाळी तिने सगळ्या मांडवाचा चहा एकटीने केला होता. दुपारी बायकांत बसली असताना छातीवर हात दाबून तिने पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत ती आडवी झाली. तालुक्याच्या डॉक्टरने कागदावर हृदयविकाराचा झटका लिहिला. त्यात वावगं काही नव्हतं.

विशाखा रंगारीला हे दुसऱ्या दिवशी कळलं. शिरसबर्डीच्या 'प्रशम' कारखान्यात ती नर्स होती. नव्वदेक बायकांचं वजन, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी, बोटाला झालेली जखम, सगळं तिच्या खोलीत यायचं. छबीला कारखान्यात आणलं होतं तिनेच. छबीलाच काय, निम्म्या बायकांना तिनेच आणलं होतं. चार वर्षांपूर्वी कारखाना उघडला तेव्हा दारूगोळ्याचं काम म्हणून गावातलं कुणी फाटकाजवळ जायला तयार नव्हतं. तेव्हा विशाखा घरोघर जाऊन बसली होती आणि सांगत होती की हे काम फोडायचं नाही, औषध काढायचं आहे. तिथे मी असेन, तुम्हाला काही होणार नाही.

शिरसबर्डीला लष्कराचं जुनं कोठार होतं. तोफेचा गोळा फुटतो तो एका दारूने आणि नळीतून बाहेर फेकला जातो तो दुसऱ्या दारूने. ही फेकणारी दारू गव्हाच्या पिठाच्या वाळवलेल्या सरगुंड्यांसारखी दिसते, तपकिरी, पोकळ काड्यांची. काही वर्षांनी ती म्हातारी होते आणि आपोआप पेट घेण्याची भीती निर्माण होते. पूर्वी असा साठा टेकडीमागच्या खड्ड्यात जाळत. आठ-आठ दिवस धूर गावावर असायचा. या काड्यांमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं. हेच रसायन अगदी थोड्या प्रमाणात हृदयाचं औषध आहे, कारण शरीरात गेल्यावर ते रक्ताच्या नळ्या सैल करतं. छातीत कळ आलेल्या माणसाच्या जिभेखाली ठेवतात ती गोळी त्याचीच.

'प्रशम'चे प्रमुख डॉ. वसंत भोंगाडे यांनी एक चाळणी तयार केली होती. चाळणी म्हणजे जेलीसारखा पातळ पडदा. जुनी दारू थंड पाण्यात भिजवायची, पाणी पडद्यातून जाऊ द्यायचं; पडदा फक्त नायट्रोग्लिसरीनचे रेणू धरून ठेवायचा, बाकी सगळं पुढे जायचं. आग नाही, धूर नाही. धरलेलं औषध मलमपट्टीसारख्या चिकटपट्ट्यांत भरून देशभर जायचं. जी पट्टी महाग म्हणून पूर्वी शहरातली माणसंही हात आखडता घ्यायची, ती आता खेड्यातल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळू लागली.

भोंगाडे सर विशाखासाठी नुसते वरिष्ठ नव्हते. ती शाळेत असताना तिचे वडील आरोग्य केंद्राच्या बाकावर छातीतल्या कळेने गेले. केंद्रात ती गोळी नव्हती. त्या वेळी तिथे तरुण डॉक्टर असलेल्या सरांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नंतर त्यांनीच तिला नर्सिंगला पाठवलं, धाकट्या बहिणीच्या, आमूच्या, म्हणजे आम्रपालीच्या, शाळेची चौकशी केली. सरांनी चाळणी काढली तेव्हा विशाखाला वाटलं, हे आपल्या बाबांसाठीच आहे. त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही.

कारखान्यात एक गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की पहिल्या दोन तासांत बायकांचं डोकं ठणकायचं. मंगळवारी काही नसायचं. बायका त्याला 'सोमवारचं डोकं' म्हणायच्या आणि हसायच्या. सर म्हणाले होते, वासामुळे होतं, न्याहारी करून येत जा. विशाखानेही तेच सांगितलं होतं.

ती छबीच्या घरी गेली. नवरा किसन ओट्यावर बसला होता. त्याने रडत-भेकत काही सांगितलं नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवसापासून डाव्या खांद्यात अवघडल्यासारखं होतंय असं छबी म्हणत होती, एवढं तो म्हणाला. मग विशाखाने विचारलं, सुट्टीआधी कारखान्याने दिलेली ताकदीची पट्टी तिने लावली होती का. लांब सुट्टी आली की प्रत्येकीला दंडावर लावायच्या पट्ट्या मिळायच्या, रोज एक. जीवनसत्त्वाच्या आहेत, असं पाकिटावर लिहिलेलं असायचं.

"हळदीत खाजते म्हणून काढली तिनं," किसन म्हणाला. "सिस्टर, एक सांगू का. मागं बी दोन दिवस घरी राहिली तं तिले असंच झालं होतं. कामावर गेली अन् बरी झाली. कारखान्यात असती तं वाचली असती."

शेवटचं वाक्य तो हळहळीने बोलला होता. विशाखाला मात्र घरी परतताना ते वेगळंच ऐकू येत राहिलं. तिला आणखी दोघी आठवल्या. एक काम सोडून गोंदियाला लेकीकडे गेली आणि आठवड्यात वारली. दुसरी पाय मोडून घरी पडली आणि चौथ्या दिवशी गेली. दोघींच्या घरी ती जाऊन आली होती. दोघींचं मरण तिने नशिबावर टाकलं होतं.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी तिने उरलेल्या पट्ट्यांतली एक कारखान्याच्या तपासणी खोलीत नेली. तिथे रेणुवाचक होता. कुठल्याही वस्तूचा कण ठेवला की अर्ध्या मिनिटात त्यात काय काय आहे ते तो सांगे. ताकदीच्या पट्टीत जीवनसत्त्व नव्हतं. नायट्रोग्लिसरीन होतं.

मग ती आपल्या खोलीत येऊन बायकांची कार्डं घेऊन बसली. प्रत्येकीच्या मनगटावर एक मोजपट्टा असायचा. घामात उतरलेला औषधाचा अंश तो मोजायचा आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवायचा. चार वर्षांत कुणाचाही दिवा हिरव्याचा पिवळा झाला नव्हता. पण कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी विशाखाने प्रत्येकीचा मूळ आकडा कार्डावर हाताने लिहून ठेवला होता. छबीचा आकडा होता चार. आता तिने मोजपट्ट्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राकडून दिव्याऐवजी आकडा मागितला. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशीचा छबीचा आकडा एकसष्ट होता, आणि दिवा हिरवा.

कारण सापडायला वेळ लागला नाही. मोजपट्ट्याला धोका ठरवायला एक मूळ रेषा लागते. ही रेषा दर महिन्याला नव्याने आखली जाईल, अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. गेल्या महिन्यात जेवढं होतं तेवढं या महिन्यात नेहमीचं धरायचं. दर महिन्याला थोडं थोडं वाढत गेलेलं विष मोजपट्ट्याला कधी दिसलंच नाही. सोय करणाऱ्याचं नाव आणि चार वर्षांपूर्वीची तारीख यंत्राच्या पडद्यावर होती. भोंगाडे.

त्याच दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. पट्टी आणि छबीचं कार्ड तिने टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. नाकारलं नाही त्यांनी. तिला वाटलं होतं ते चिडतील, काहीतरी खुलासा करतील आणि तो पटेल. पटावा म्हणूनच ती गेली होती.

ते शांतपणे शिकवावं तसं सांगू लागले. हा रेणू हातमोज्यांतून पार होतो, सध्या बाजारात असलेल्या कुठल्याही हातमोज्यातून. पहिल्या काही आठवड्यांतच ते त्यांच्या लक्षात आलं होतं. रोज औषध अंगात जाऊ लागलं की नळ्या सैल राहतात आणि त्याला तोडीस तोड म्हणून शरीर त्यांना आवळायला शिकतं. दोन माणसं दोरी दोन्हीकडून ओढत असावीत तसं. मग सुट्टी येते, औषधाच्या बाजूचा माणूस हात सोडतो आणि दुसरा एकटाच ओढत राहतो. हृदयाची नळी गच्च आवळली जाते, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. सव्वाशे वर्षांपूर्वी स्फोटकांच्या कारखान्यांतल्या मजुरांना हे ठाऊक होतं. ते सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत थोडी दारू चोळून हिंडायचे. सर म्हणाले, मी तेच जरा सभ्यपणे केलं.

"त्यांना सांगितलं का नाही, सर?"

"सांगितलं असतं तर एक तरी थांबली असती का? आणि कारखाना थांबला असता तर किती केंद्रांतून पट्टी गेली असती, त्याचा विचार कर. तुझे वडील कशाने गेले ते तुला मी सांगायला नको."

वडिलांचं नाव त्यांनी या वेळी काढावं, हे तिला कुठेतरी आत लागलं. ती म्हणाली की उद्या ती आरोग्य खात्याला कळवणार आहे. सर उठून खिडकीपाशी गेले.

"कळव. परवा फाटक बंद होईल. अठ्ठ्याऐंशी बायका एकाच दिवशी घरी बसतील. तिसऱ्या दिवशी कुठल्या कुठल्या घरी जाशील तू?"

 विशाखाने विचारलं की आमू धुलाई खात्यात आहे, हे ठाऊक असताना तुम्ही तिला तिथे कसं ठेवलं. धुलाई म्हणजे भिजलेल्या काड्या हाताने उलटण्याचं काम. सगळ्यांत जास्त औषध अंगात जायचं ते तिथेच.

"आमूला मीच मागून घेतलं होतं," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "नर्सची सख्खी बहीण धुलाईत आहे म्हटल्यावर बाकीच्या निर्धास्त झाल्या. तुझ्या शब्दाला तेवढा आधार लागत होता."

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात आमूच उभी होती, जेवणाचा डबा घेऊन, कुणाची तरी गंमत सांगायला. दहा दिवसांनी ती पुण्याला जाणार होती. एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. विशाखाने ती गंमत ऐकून घेतली. कशाबद्दल होती ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

खात्याला कळवणं तिने लांबवलं; त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन कामं केली. नागपूरच्या एका हृदयतज्ज्ञ बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एकदम तोडू नका, औषध उतरवत आणा. पट्टी कापून दर आठवड्याला थोडी लहान करत जा, सहा आठवडे तरी. आणि दुसरं, आपल्या खोलीत असलेला पट्ट्यांचा सगळा साठा तिने खोक्यांत भरून गावातल्या समाजमंदिरात नेऊन ठेवला. चोरी होती ती. तिने तसंच मनाशी म्हटलं आणि खोकी नेली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने बायकांना लिंबाखाली बसवलं आणि सांगितलं. सोपं करून, काही न वगळता. ताकदीची पट्टी काय होती, हिरवा दिवा काय होता, छबी कशाने गेली. दर महिन्याच्या नोंदीवर 'निरोगी' लिहून खाली सही केलेली आहे ती आपली, हेही सांगितलं.  डबे उघडे पडले होते.

गयाबाई नेवारे त्यांच्यात सगळ्यांत वयस्क. ती म्हणाली, "आमी डॉक्टरले नाई ओळखत होतो, सिस्टर. आमी तुले ओळखत होतो."

 बायका एकेक करून उठल्या आणि कामाला गेल्या, कारण कामाला जाणं हेच आता औषध होतं. आमू सगळ्यांत शेवटी उठली. ताईकडे न बघता ती फाटकाबाहेर पडली, घरी जाऊन तिने बॅग भरली आणि संध्याकाळच्या बसने पुण्याला निघून गेली. आईला म्हणाली, नोकरीवर लवकर बोलावलंय. समाजमंदिरातून विशाखा घरी पोचली तेव्हा दारात आमूच्या चपला नव्हत्या आणि तिचा फोन बंद होता.

शनिवारी सकाळी फाटकाला कुलूप होतं. कंपनीच्या मालकांनी 'कामगारांच्या सुरक्षिततेसाठी' कारखाना तात्काळ बंद केल्याची सूचना लावली होती. आतून ट्रक भरून सामान चाललं होतं. आपण काय लिहिलं आहे ते सूचना लिहिणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, ते पुढे चौकशीतही स्पष्ट झालं नाही.

बायका समाजमंदिरात जमल्या. तिथे एक अडचण उभी राहिली. प्रत्येकीच्या अंगात वेगवेगळं औषध होतं. धुलाईतलीला पूर्ण पट्टी, भरणीतलीला पाऊण, झाडणारीला पाव. आकडे कारखान्याच्या यंत्रात अडकून पडले होते. विशाखा कार्डं पसरून अंदाज बांधत होती, आणि अंदाज चुकला तर काय, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात दारात भोंगाडे सर उभे राहिले. हातात कात्री आणि एक वही. चार वर्षं ते प्रत्येकीचा खरा आकडा स्वतः लिहून ठेवत होते.

ते आत येऊ का म्हणून विचारत नव्हते आणि येतही नव्हते. विशाखाला वाटलं, यांच्या तोंडावर दार लावावं. वहीसाठी हात पुढे करावा आणि माणसाला घालवून द्यावं. पण वहीतले आकडे फक्त त्यांनाच कळणाऱ्या खुणांनी लिहिलेले होते, आणि बाहेर रांग लागली होती. ती सरकून बसली. त्यांनी नाव वाचायचं, माप सांगायचं, तिने कापून लावायचं, असं दुपारपर्यंत चाललं.  बायका दंड पुढे करत, पट्टी लावून घेत आणि दोघांपैकी कुणाकडेही न बघता बाजूला होत.

रविवारी दुपारपर्यंत आमूचा फोन लागला नव्हता. शुक्रवारी दुपारनंतर तिच्या अंगात काही गेलं नव्हतं, आणि तिचा आकडा वहीत सगळ्यांपेक्षा मोठा होता. पुण्यात ती कुठे उतरली आहे एवढं आईकडून कळलं होतं, मुलींच्या एका हॉस्टेलवर, वाकडला. हॉस्टेलच्या फोनवर कुणीतरी ती झोपली आहे म्हणालं आणि फोन ठेवून दिला. विशाखा खोक्यांकडे बघत बसली. ती गेली तर सोमवारी सत्त्याऐंशी बायकांना पट्ट्या लावणार कोण? एकच माणूस ते करू शकत होता, आणि त्या माणसाच्या हाती आता एक काडीही सोपवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

गयाबाईने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. तिने आपली पिशवी उचलली आणि सरांच्या खुर्चीला लागून सतरंजी अंथरली.

"तू जा पोरीकडं. मी बसते याच्याजवळ. तुह्या कार्डावरचं खातं अन् यानं वहीतून सांगितलेलं माप जुळल्याबिगर एक पट्टी लावू देत नाई."

सरांनी मान खाली घातली. विशाखाने कार्डं गयाबाईच्या हातात दिली आणि बस पकडली.

सोमवारी दहाच्या सुमारास ती हॉस्टेलवर पोचली. आमू पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. डावा हात तिने उजव्या हाताने धरला होता. पहाटेपासून छातीत धरल्यासारखं होतंय, एवढं खोलीतल्या मुलीने दारातच सांगितलं. विशाखाने आधी तिच्या जिभेखाली गोळी ठेवली, पाच मिनिटं नाडी धरून बसली आणि कळ उतरल्यावर पिशवीतून पट्टी काढली. आमूने हात मागे घेतला.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"माहीत करून घ्यायचं काम तुझं होतं."

"हो."

आमूने भिंतीकडे तोंड केलं आणि दंड पुढे केला. विशाखाने पट्टी लावली, कडा बोटाने दाबल्या. मग ती तिला दवाखान्यात घेऊन गेली. हृदयाला इजा झालेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर आमूने तिच्याकडून सहा आठवड्यांच्या कापलेल्या पट्ट्या मोजून घेतल्या आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"मी विसरेन. रोज सकाळी सात वाजता फोन करून आठवण कर. बेचाळीस दिवस. त्यानंतर करू नकोस. मला वाटलं तर मी करीन."

विशाखा शिरसबर्डीला परतली तेव्हा गयाबाई त्याच सतरंजीवर बसलेली होती आणि एकही बाई दगावली नव्हती. पुढेही कुणी दगावली नाही. पाचव्या आठवड्यात दोघींना नागपूरला हलवावं लागलं, पण त्या परत आल्या. शेवटची पट्टी लावून झाल्यावर भोंगाडे सर वही घेऊन स्वतःहून पोलीस ठाण्यात गेले. जाताना ते समाजमंदिराच्या दाराशी थोडे थांबले; विशाखा खोकी आवरत राहिली. चौकशी बसली. तिच्या सह्यांचे कागद तिच्यापुढेही ठेवण्यात आले आणि तिने प्रत्येक सही आपलीच असल्याचं सांगितलं. तिचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. तीन महिने आरोग्य केंद्रांतून पट्ट्या मिळेनाशा झाल्या, आणि त्या काळात कोण कोण कुठल्या बाकावर गेलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे कारखाना दुसऱ्यांनी घेतला. आता काड्या उलटायला यंत्राचे हात आहेत.

ती रोज सकाळी सातला फोन करायची. आमू उचलायची, "लावली" म्हणायची आणि ठेवून द्यायची. कधी मागे भांड्यांचा आवाज यायचा, कधी रस्त्याचा. एकदा आमूला सर्दी झालेली होती आणि विशाखाला विचारायचं होतं, पण तोवर फोन बंद झाला होता. बेचाळिसाव्या दिवशी आमू म्हणाली, "ही शेवटची," आणि क्षणभर थांबली. विशाखाही थांबली. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्रेचाळिसाव्या दिवशी सात वाजता विशाखाने फोन हातात घेतला. ठरल्याप्रमाणे लावला नाही. तो समोर ठेवून ती बसून राहिली, आठ वाजेपर्यंत, मग नऊ वाजेपर्यंत.